आधी कोठी उघडा, मग प्रीतिभोजनाचा बेत ठरवा: पास्टोरेट कमिट्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे आदरणीय पाळक, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व पंच यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हंगामाचा सण, म्हणजे चर्चमध्ये पिकाचं अर्पण करण्याचा दिवस, खरिपानंतर असो की रब्बीनंतर, त्या रविवारी वेदीपुढे मांडलेलं सगळंच लिलावात जात नाही. नारळ, ऊस, गावरान कोंबडी, अंडी यांना बोली लागते. तांदळाच्या दोन-दोन किलोच्या पिशव्या, पायलीभर बाजरी, कुणाच्या डब्यातली तूरडाळ, मटकी, शेंगदाणे हे मागे राहतं आणि कोठीच्या खोलीत जातं. त्यात नाताळचे बिस्किटांचे पुडे, चर्चच्या हॉलमधल्या लग्नानंतर ठेवून दिलेलं अर्धं पोतं तांदूळ, तारीख जवळ आली म्हणून दुकानदाराने दिलेला मॅकरोनीचा खोका अशी भर पडते. पुढच्या प्रीतिभोजनाचा, म्हणजे उपासनेनंतरच्या सामुदायिक जेवणाचा, बेत मात्र बैठकीत ठरतो, कोठीत काय आहे ते न बघता. यादी होते, बाजार होतो, आणि मे महिन्यात पोत्यांची तोंडं सोडली की सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, निघतात.

दानाचं अन्न वाया जातं ते बहुतेक वेळा या उलट्या क्रमामुळे. म्हणून आमचं मागणं असं: जेवणाच्या दहा दिवस आधी कोठी उघडून मोजदाद व्हावी, बेत त्यावरून ठरावा, आणि कोणतं अन्न घ्यायचं, कोणतं नाकारायचं, कोणतं फेकायचं याचा शेवटचा शब्द स्वयंपाकघराचा असावा. हे का, ते पुढे तपशिलाने लिहितो. तपशील बराच आहे, पण त्याशिवाय ठराव करून काही हाती लागणार नाही.

सुरुवात दान स्वीकारताना होते. पिशवी हातात घेताना एकच प्रश्न विचारायचा असतो: "याला काय लावलंय?" आपल्याकडे घरचं धान्य टिकवायला लोक कडुनिंबाचा पाला घालतात, डाळीला आणि गव्हाला एरंडेल चोळतात, तांदळाला बोरिक पावडर लावतात, पाऱ्याच्या टिकड्या टाकतात, आणि शेतकरी घरांत कधी कधी धुरीच्या विषारी गोळ्याही पोत्यात असतात. पाला निवडून काढता येतो, एरंडेल लावलेली डाळ कोमट पाण्याने दोनदा धुतली की चालते. बोरिक लावलेला तांदूळ मात्र सामुदायिक पातेल्यात घालू नये, कारण किती लावलंय ते कुणालाच सांगता येत नाही आणि पंगतीत लहान मुलं असतात. पाऱ्याची टिकडी फुटलेली दिसली तर ते धान्य बाद. धुरीच्या गोळ्यांमधून हवेतल्या दमटपणाने फॉस्फिन वायू सुटतो आणि तो बंद खोलीत जीव घेतो. असं पोतं कोठीत आणायचंच नाही, बाहेर उघड्यावर ठेवून ज्यांनी दिलं त्यांना कळवायचं. कुणी रागावेल म्हणून हा प्रश्न टाळला जातो. वेदीपुढे अर्पण झालेली वस्तू परत कशी करायची, असंही म्हणतात. अर्पण झालंच आहे, देवाने ते स्वीकारलंच आहे. शिजवायचं की नाही, हा वेगळा निर्णय आहे.

प्रत्येक पिशवीवर त्याच दिवशी चिठ्ठी हवी: काय आहे, वजन किती, कधी आलं, कशाला काय लावलंय. पुडीबंद वस्तूंवरची तारीख दिसेल अशी वर ठेवायची, आणि लवकर संपणारी पुढे, उशिरा संपणारी मागे रचायची. 'बेस्ट बिफोर' लिहिलेली तारीख चवीची आणि कुरकुरीतपणाची असते. त्यानंतर थोड्या दिवसांनी कोरडी मॅकरोनी उघडून, वास घेऊन ठरवता येतं. 'एक्सपायरी' किंवा 'युज बाय' लिहिलं असेल आणि ती तारीख उलटली असेल तर चर्चा संपली. पोती फरशीवर ठेवली की खालून ओल धरतात. वीतभर उंच लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर एवढं केलं तरी निम्मं नुकसान वाचतं. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी असेल तर उत्तम.

आता तांदूळ, कारण दानात तोच सगळ्यात जास्त येतो आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. तीस घरांतून आलेला तांदूळ म्हणजे कोलम, इंद्रायणी, बासमतीचा तुकडा आणि रेशनचा तांदूळ. सोयीसाठी कुणीतरी हे सगळं एका पोत्यात ओततं, आणि तिथेच मोकळ्या भाताची आशा सुटते. जुना तांदूळ जास्त पाणी पितो आणि सुटा राहतो, नवा कमी पाण्यात चिकट होतो. दोन्ही एका पातेल्यात घातले तर नव्याची पेज होईपर्यंत जुन्याच्या कण्या आत कच्च्या राहतात. त्यामुळे पिशव्या वेगळ्याच ठेवायच्या. मोजदादीच्या दिवशी प्रत्येकीतली मूठभर घेऊन घरच्या गॅसवर वेगळी शिजवून बघायची, पाणी किती लागलं ते चिठ्ठीवर लिहायचं. सुटा होणारा तांदूळ मसालेभाताला आणि पुलावाला, चिकट होणारा खिचडीला आणि खिरीला. आधीच मिसळून गेलेला असेल तर त्याची खिचडी किंवा भाजणी करावी, पुलावाचा हट्ट धरू नये.

रेशनच्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा पोषणद्रव्यं मिसळून बनवलेला असू शकतो: लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२. तो रंगाने थोडा वेगळा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो. 'प्लास्टिकचा तांदूळ आला' म्हणून लोक तो निवडून टाकतात, क्वचित पूर्ण पिशवी टाकतात. तो खाण्याचाच दाणा आहे. असा तांदूळ फार चोळून धुवू नये आणि वेळून काढू नये, नाहीतर मिसळलेलं पाण्याबरोबर जातं.

सोंडे झालेला तांदूळ उन्हात घातला तर दाणा तडकतो आणि शिजताना मोडतो. तो सावलीत चादरीवर पातळ पसरायचा, तासाभराने सोंडे कडेला सरकतात, मग चाळून, सुपात पाखडून निवडायचा. गहू, ज्वारी आणि डाळींना ऊन चालतं. दाणे पोकळ झाले असतील, हाताला पीठ लागत असेल किंवा कुबट वास असेल तर निवडत बसण्यात अर्थ नाही. असं धान्य कोंबड्यांना जावं. शेंगदाणे, मका आणि सुकं खोबरं यांवर बुरशीचा हिरवट-काळा डाग दिसला तर मात्र कोंबड्यांनाही नाही. त्या बुरशीचं विष भाजल्याने जात नाही, चांगले दाणे वेगळे काढूनही खात्री देता येत नाही. आमटीत, भाजीत, चटणीत सगळीकडे कूट घालायची आपली सवय असल्यामुळे दाण्यांची ही एक पिशवी अख्ख्या पंगतीत पोचते.

डाळीचं दुखणं वेगळं. जुनी तूरडाळ, विशेषतः उन्हाळा-पावसाळा काढलेली, तास-तास उकळूनही दात लावते. नव्या-जुन्या डाळी एकत्र झाल्या तर एकीचं पीठ होतं आणि दुसरीचे दाणे तळाशी बसतात. अशी डाळ दोन तास गरम पाण्यात भिजवावी, बोअरचं जड पाणी न वापरता पिण्याच्या गोड्या पाण्यात शिजवावी, हळद आणि चमचाभर तेल आधी, चिंच, कोकम आणि टोमॅटो डाळ पूर्ण मऊ झाल्यावर. आंबट आधी पडलं की डाळ पुढे शिजतच नाही. अगदीच ऐकत नसेल तर किलोला पाव चमचा सोडा, त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते. तूर, मसूर, मूग, हरभरा अशा थोड्या-थोड्या डाळी उरल्या असतील तर मिश्र डाळीची आमटी सर्वांत उपयोगी. फक्त हरभराडाळ तासभर आधी चढवायची आणि मूग-मसूर शेवटी. चार किलो डाळीत शंभर माणसांची पुरेशी आमटी होते, साधारण तीस लिटर.

कडधान्यं एकाच फडक्यात मोड आणायला बांधू नयेत. मूग-मटकीला दुसऱ्या दिवशी मोड येतात, हरभऱ्याला आणखी एक दिवस लागतो, आणि त्याची वाट बघताना मुगाला वास सुटतो. वेगळे मोड आणून पातेल्यात एकत्र करा. पाच किलो कोरड्या कडधान्याची उसळ शंभर जणांना पुरते. राजमा आला तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळ उकळायचा. कोमट आचेवर हळूहळू शिजवलेला अर्धकच्चा राजमा उलट्या आणतो.

बाजरी दाण्याच्या रूपात ठेवा. पीठ दळून ठेवलं की आठ-दहा दिवसांत कडू पडतं आणि मग ना भाकरी धड, ना थालीपीठ. जेवणाच्या दोन दिवस आधी गिरणीत न्यावी. आणि दाणेच थोडे-थोडे उरले असतील, कुठे तीन किलो ज्वारी, कुठे दीड किलो बाजरी, कुठे गहू, तर भाजणी करून टाका. ज्वारी-बाजरी मिळून चार किलो, गहू एक, तांदूळ एक, हरभराडाळ एक, उडीदडाळ एक, धने पाव किलो. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण गव्हाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात उडीदडाळ काळी पडते. पूर्ण गार झाल्यावरच दळायचं, गरम दळलं की डब्यात वाफ धरते. कोरड्या डब्यात ही भाजणी दोन महिने राहते. किलोत बारा-चौदा थालिपीठं होतात. पण मोठ्या प्रीतिभोजनाला थालीपीठ ठरवू नका. एक थालीपीठ तव्यावर चार मिनिटं घेतं. दीडशे थालिपीठांना तीन तवे लावले तरी सव्वातीन तासांहून जास्त जातात आणि पहिली चिवट होतात. महिला मंडळाच्या सभेला किंवा उपवास-प्रार्थनेनंतरच्या तीस-चाळीस जणांच्या जेवणाला मात्र यासारखा बेत नाही.

भाज्यांमध्ये लाल भोपळ्याची काळजी नसते. देठ शाबूत असेल आणि हवेशीर जागा असेल तर दोन-अडीच महिने राहतो, म्हणून खरिपानंतरच्या सणाचा भोपळा नाताळपर्यंत पोचू शकतो. पालेभाजी त्याच दुपारी शिजवावी किंवा वाटून टाकावी, सोमवारवर ढकलू नये. दुधी भोपळ्याबाबत मात्र एक नियम कधीच मोडायचा नाही. चिरण्याआधी प्रत्येक दुधीच्या दोन्ही टोकांची पातळ चकती जिभेला लावून बघायची. कडू लागली तर थुंकून तो दुधी तिथेच फेकायचा. हा कडवटपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. वीस दुधींमधला एक कडू निघाला आणि तो न चाखता चिरून पातेल्यात पडला, तर सगळं पातेलं ओतावं लागतं. तो कडवटपणा गुळाने झाकून कुणी वाढलं तर माणसं दवाखान्यात जातात. काकडी आणि दोडक्यालाही हेच लागू.

अंडी घरोघरून येतात, कुठली कधीची ते माहीत नसतं. पाण्यात बुडवून बघितल्याने ती जुनी आहेत की ताजी एवढंच कळतं. प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडायचं आणि मगच मोठ्या भांड्यात टाकायचं. अर्धवट शिजलेलं अंडं पंगतीला नाही.

शिजवलेल्या उरलेल्या अन्नावरून सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. हॉलमध्ये लग्न होतं, दुपारी दोन घमेली भात, एक पातेलं वरण आणि मटणाचा रस्सा उरतो, आणि संध्याकाळच्या तरुण संघाच्या जेवणाला "ते आहेच की" असं ठरतं. पाच हजारांच्या जेवणानंतर शिष्यांनी बारा टोपल्या उरलेले तुकडे गोळा केले, हा उतारा अशा वेळी आमच्यापुढे ठेवला जातो. योहानाच्या शुभवर्तमानात त्या टोपल्यांमध्ये जवाच्या भाकरींचे तुकडे होते. कोरडी भाकरी दुसऱ्या दिवशीही खाता येते. चाळीस लिटर रस्शाचं तसं नसतं.

भातातले काही जंतू बीजाच्या रूपात उकळी सहन करतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, म्हणून 'चांगला परतून घेऊ' हे भाताला लागू पडत नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. मटण, चिकन आणि घट्ट वरणात दुसऱ्या जातीचे जंतू असतात. त्यांना हवा नको असते आणि कोमट, दाट, खोल पातेलं हवं असतं. झाकण घालून ठेवलेल्या मोठ्या पातेल्याच्या कडा गार लागतात, पण मध्ये डाव घालून बघा, पाच तासांनीही वाफ येते. त्या मधल्या भागात जंतू दर दहा-पंधरा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. त्रास आठ ते सोळा तासांनी सुरू होतो. म्हणजे रविवारी दुपारच्या जेवणाचा त्रास रात्री उशिरा किंवा सोमवारी पहाटे होतो आणि दोष पाण्याला दिला जातो.

यावर उपाय आहे, पण तो हातापायांच्या कष्टाचा आहे. अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवा किंवा ५ अंशांच्या खाली गार ठेवा. मधल्या पट्ट्यात नुसतंच ठेवलेलं, एकूण दोन तासांहून जास्त राहिलेलं अन्न वाढू नका. फ्रिजसाठी मुद्दाम गार करायचं असेल तर ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. यासाठी रस्सा किंवा वरण परातींमध्ये दोन इंचांहून जाड नाही असं ओतायचं, परात बर्फाच्या पाण्याच्या घंगाळात ठेवायची, दर पाच मिनिटांनी ढवळायचं, वर जाळी. भात पसरून पंख्याखाली, तासाभरात फ्रिजमध्ये. खुपसायचा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. प्रत्येक स्वयंपाकघरात तो असायलाच हवा, बोट बुडवून अंदाज करणं बंद झालं पाहिजे. पुन्हा गरम करताना मधोमध ७५ अंश, आणि तेही एकदाच.

आणि चर्चमधल्या घरगुती फ्रिजवर भिस्त ठेवू नका. अडीचशे लिटरच्या फ्रिजमध्ये वीस लिटर गरम वरण ठेवलं तर वरण गार होत नाही, आतलं दूध तेवढं तापतं. मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मेमध्ये खोलीचंच तापमान चाळीस असतं. त्या दिवसांत बर्फाची सोय नसेल तर शिजवलेलं अन्न पुढच्या जेवणासाठी ठेवायचंच नाही, दीड-दोन तासांच्या आत गरम असतानाच घरोघरी किंवा जवळच्या वसतिगृहात पोचवायचं.

काही गोष्टी कोणत्याही ऋतूत ठेवायच्या नाहीत: कढी, ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, खीर, मेयोनीज, कापलेली कोशिंबीर. बुफेच्या टेबलावर किंवा पंगतीत फिरलेलं भांडं परत कोठीत येत नाही, जे स्वयंपाकघराबाहेर गेलंच नाही तेवढंच 'उरलेलं'. पोळ्यांना हा त्रास कमी. कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या पोळ्या सकाळी संडे स्कूलच्या मुलांना फोडणी देऊन उत्तम लागतात.

भांड्यांबद्दल एक गोष्ट. जुन्या मंडळ्यांकडे दान मिळालेली पितळी पातेली आहेत, दणकट आणि सुंदर. त्यांची कल्हई आत कुठे उडाली आहे ते उजेडात तिरपं धरून बघा. पांढरट चकाकीच्या मधे पिवळा डाग दिसला की त्या भांड्यात चिंचेची आमटी, टोमॅटोचा रस्सा, ताक काहीही ठेवू नका. हिरवा जंग अन्नात उतरतो. अॅल्युमिनियमच्या पातेल्यातही आंबट पदार्थ रात्रभर नको. कल्हईवाले आता कमी झालेत, पण जिल्ह्याच्या गावी अजून मिळतात. वर्षातून एकदा तो खर्च मंजूर करा.

आता पाळकांना आणि सेक्रेटरींना विनंती. उपासना साडेअकराला संपेल असं सांगितलं जातं, भात त्या हिशेबाने होतो. मग सत्कार, शुभेच्छा, निवडणुकीची घोषणा, फोटो, आणि पान वाढायला दीड वाजतो. दोन तासांचा नियम इथेच मोडतो, उरायच्या आधीच. दहा किलो तांदळाचा भात दोन पातेल्यांत चाळीस मिनिटांत होतो. एका पातेल्यात पाच-सहा किलोंपेक्षा जास्त घालू नये, तळ लागतो आणि वरचा कच्चा राहतो. उपदेश सुरू झाला की एक निरोप्या स्वयंपाकघरात आला, आणि सत्कार आशीर्वादानंतर न ठेवता आधी घेतले, तर भात गरमागरम पानात पडेल. उरणंही कमी होईल, कारण ताटकळलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, भूक मेल्यावर पानात टाकून उठतात.

प्रमाणांबद्दल खजिनदारांसाठी. शंभर मोठ्या माणसांना, पोळी आणि भात दोन्ही असतील तर तांदूळ पाच-सहा किलो, नुसता मसालेभात मुख्य असेल तर आठ-नऊ, खिचडीला सहा किलो तांदूळ आणि तीन किलो मूगडाळ. कणीक दहा किलो, म्हणजे माणशी तीन पोळ्या. बटाट्याची भाजी असेल तर दहा-बारा किलो बटाटा. मटण असेल तर पंधरा किलो. 'कमी पडायला नको' म्हणून प्रत्येक पदार्थात पंचवीस टक्के वाढवायची पद्धत सोडा. सगळेच पदार्थ कोणी जास्त घेत नाही. वाढवायचं असेल तर एकच, आणि ती आमटी असावी, तीत गरम पाणी आणि फोडणी घालून पंधरा मिनिटांत दहा पानं वाढवता येतात.

'धान्य तर दानाचंच आहे' म्हणून स्वयंपाकाची रक्कम कापली जाते, यावर आमची तक्रार आहे. दानात तांदूळ येतो, डाळ येते. दानात तेल क्वचित येतं, आलं-लसूण, कोथिंबीर, गरम मसाला, गॅस, पत्रावळी, पिण्याचं पाणी कधीच येत नाही. शंभर माणसांना अडीच लिटर तेल आणि पाच किलो कांदा लागतोच. ते नसेल तर दानाच्या तांदळाचा बेचव भात होतो, लोक टाकतात, आणि पुढच्या वेळी कमिटी म्हणते, दानाचं नको, विकतच आणा. ही रक्कम दरवेळी वेगळी मंजूर व्हावी. हंगामाच्या सणाच्या लिलावातून येणाऱ्या पैशांचा एक भाग त्यासाठी राखता येईल.

कायद्याकडेही लक्ष द्या. धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांना केटरर नसले तरी अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत छोट्या अन्न व्यावसायिकांमध्ये धरून नोंदणी सांगितली आहे. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांत आलेल्या-गेलेल्या अन्नाची नोंद ठेवणं अपेक्षित आहे. चिठ्ठ्या आणि आवक-जावक वही नीट असेल तर हे काम अर्धं झालेलंच असतं.

अजून एक गोष्ट मनाला फार लागते. कोठी आवरताना तारीख उलटलेले पुडे, खवट करंज्या, सोंडे झालेला तांदूळ बाजूला निघतो आणि कुणीतरी सुचवतं, "वस्तीतल्या कुटुंबांना देऊन टाका." जे आपल्या पानात चालत नाही ते दुसऱ्याच्या घरी पाठवायचं नाही. पौलाने करिंथकरांना रागावून लिहिलं ते याच प्रकाराबद्दल: एकाच मेजावर एक भुकेला, एक पिऊन मस्त. पार्सल द्यायचं तर पंगतीतल्याच पातेल्यातलं, पंगत बसायच्या आधी काढून ठेवलेलं, गरम. आणि शेजारच्या ज्या घरांना आपण नाताळला बोलावतो त्यांच्यासाठी फळ्यावर स्पष्ट लिहा, कशात मांस आहे, कशात अंडं, कशात शेंगदाणे.

पुढच्या बैठकीसाठी ठरावाचा मसुदा देतो, शब्द हवे तसे बदला:

"कोठीची किल्ली व आवक-जावक वही महिला मंडळाने नेमलेल्या दोघींकडे राहील. प्रत्येक प्रीतिभोजनाच्या दहा दिवस आधी मोजदाद होऊन यादी सेक्रेटरींना मिळेल व बेत त्यानंतरच ठरेल. अयोग्य अन्न नाकारण्याचा व फेकण्याचा अधिकार स्वयंपाकघर प्रमुखांचा राहील आणि त्याबद्दल खुलासा मागितला जाणार नाही. तेल, भाजी, मसाला व गॅस यांसाठी रोख रक्कम प्रत्येक वेळी स्वतंत्र मंजूर होईल. या महिन्यात दोन थर्मामीटर, झाकणाच्या चार पत्र्याच्या कोठ्या व कल्हईचा खर्च मंजूर करण्यात येत आहे."

ख्रिस्तसेवेत आपल्या,
मंडळ्यांची स्वयंपाकघरं सांभाळणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी आणि तरुण संघाचे भाऊ